‘परमेश्वराची ओळख नसलेली पिढी’ : चूक कोणाची आणि शिक्षा कोणाला?

कॅम्पातली वाचक, बेळगाव

नमस्कार. आमच्या मंडळीत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतून उपासना होते आणि रविवारच्या शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग मी घेते. सध्या आम्ही जुन्या करारातील ‘शास्ते’ हे पुस्तक वाचत आहोत. वर्गातील निम्मी मुले ते कन्नडमधून वाचतात आणि त्यांच्या पुस्तकावर ‘न्यायस्थापकरु’ असे नाव आहे. त्यामुळे शास्ते म्हणजे शिक्षा करणारे की न्याय मिळवून देणारे, असा वाद पहिल्याच दिवशी रंगला. तो मी हसून पुढे ढकलला. दुसऱ्या अध्यायाशी आल्यावर जो प्रश्न निघाला, तो मात्र मला पुढे ढकलता आला नाही, म्हणून येथे मांडत आहे.

प्रसंग आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. मोशेनंतर इस्राएलाचा पुढारी झालेला यहोशवा ११० वर्षांचा होऊन मरण पावतो. त्याच्या बरोबरीची माणसेही एकेक करून जातात आणि त्यांच्यामागून अशी एक पिढी उभी राहते, जिला परमेश्वराची ओळख नसते आणि त्याने इस्राएलासाठी जे केले तेही ठाऊक नसते. ही पिढी कनानी लोकांच्या बआल या देवाच्या मागे लागते, परमेश्वराचा कोप होतो, शत्रू लुटालूट करतात, लोक कण्हतात, परमेश्वराला त्यांचा कळवळा येऊन तो एक शास्ता उभा करतो, देशाला स्वस्थता मिळते, शास्ता मरतो आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून सुरू होते. कूशन-रिशाथाईमच्या हाताखाली ८ वर्षे, मवाबाच्या एग्लोनाखाली १८, याबीनाखाली २०, मिद्यानाखाली ७, अम्मोन्यांखाली १८ आणि पलिष्ट्यांखाली ४० वर्षे, असा तो हिशेब पुस्तकभर चालतो.

हे मी फळ्यावर मांडत असताना १५ वर्षांची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “टीचर, त्यांना ओळख नव्हती, याचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेच नाही. मग ज्यांनी सांगितले नाही ते सुखाने मेले आणि ज्यांना कळलेच नाही त्यांनी मार का खायचा?” मी काहीतरी उत्तर दिले, पण माझे मलाच ते पटले नाही.

न पटण्याचे एक कारण घरातले आहे. माझी आजी पहाटे चुलीपुढे बसून स्तोत्रे मोठ्याने म्हणत असे. तिला अक्षरओळख बेताची होती, तरी निम्मी स्तोत्रसंहिता पाठ होती. माझ्या आईला त्यातली दहा-बारा स्तोत्रे येत. मी पुस्तक पाहून वाचते. माझा मुलगा बंगळुरात नोकरी करतो आणि त्याला मराठी छापील मजकूर अडखळत वाचावा लागतो. या चार पायऱ्यांत नेमके कोणत्या पायरीवर काय निसटले, हे मला सांगता येत नाही. मात्र मुलांना कसे वाढवावे याबद्दल सल्ला मागण्यासाठी मी लिहीत नाही. तो मला पुष्कळ मिळतो. त्या मुलीच्या प्रश्नाला प्राचीन इस्राएलाचे ग्रंथ स्वतः काय उत्तर देतात, किंवा उत्तर देतात तरी का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

निवृत्त मास्तर, निपाणी

ताई, तुमच्या विद्यार्थिनीने प्रश्न बरोबर ठिकाणी विचारला आहे, पण तिने एक गोष्ट गृहीत धरली आहे. ओळख नव्हती म्हणजे कोणी सांगितले नव्हते, हे ते गृहीतक. त्या वचनातले हिब्रू क्रियापद ‘यादा’ आहे. माहिती असणे हा त्याचा एक अर्थ झाला. परिचय असणे, संबंध ठेवणे, एखाद्याचा अधिकार मानणे हेही त्याच शब्दात येते. आपणही ‘तो आता आम्हाला ओळखत नाही’ असे भाऊबंदांविषयी म्हणतो, तेव्हा त्याला आपले नाव आठवत नाही असे आपल्याला म्हणायचे नसते.

याचा पुरावा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. एली हा शिलो येथील याजक. त्याचे पुत्र हफनी आणि फिनहास मंदिरातच वाढले, यज्ञाचे मांस रोज हाताळत होते, आणि तरीही त्यांच्याबद्दल ‘त्यांना परमेश्वराची ओळख नव्हती’ असेच लिहिले आहे. देवळाच्या आत जन्म काढलेल्या मुलांना कोणी काही सांगितले नव्हते असे म्हणता येणार नाही. गंमत अशी की पुढच्याच अध्यायात बाळ शमुवेलाबद्दलही तेच क्रियापद येते: त्याला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती, कारण त्याला वचन प्रकट झाले नव्हते. तेथे दोषाचा मागमूस नाही. एलीने त्याला दोन वेळा नुसतेच झोपायला परत पाठवले आणि तिसऱ्यांदा हाकेला उत्तर कसे द्यावे ते शिकवले, एवढेच. म्हणजे ‘ओळख नसणे’ हा शब्द एकच असून एलीच्या मुलांच्या बाबतीत तो गुन्हा आहे आणि शमुवेलाच्या बाबतीत निव्वळ वय आहे. तुमच्या मुलीला हे दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगा.

दुसरा मुद्दा, बाप सुखाने मेले हा. ते तितकेसे सुखाने मेले नाहीत. शास्त्यांचा पहिला अध्याय म्हणजे अर्धवट टाकलेल्या कामांची यादी आहे. अमक्या वंशाने तमक्या गावच्या लोकांना घालवले नाही, असे तेथे एकामागून एक सांगितले आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच परमेश्वराचा दूत येऊन झाडाझडती घेतो, लोक मोठ्याने रडतात आणि त्या जागेला बोखीम, म्हणजे रडणाऱ्यांचे ठिकाण, असे नाव पडते. नव्या पिढीचा उल्लेख त्यानंतर येतो. ग्रंथकाराने हा क्रम जाणून ठेवला आहे, असे मला वाटते. आणखी एक पाहा. मोशेने आपल्यामागे यहोशवाला उभे केले. यहोशवाने कोणालाही उभे केल्याचा उल्लेख नाही. ग्रंथकार त्याबद्दल त्याला दोष देत नाही, पण उणीव वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.

आता शिक्षेविषयी. हिब्रूत ‘मुसार’ हा शब्द आहे. बापाने मुलाला लावलेले वळण, त्यासाठी दिलेला उपदेश आणि त्यासाठी दिलेला मार, या तिन्हींना तो एकच शब्द चालतो. आपल्याकडे ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’ एकाच धातूतून आले, पण वाटेत इतके दूर गेले की एक शाळेत राहिले आणि दुसरे कोर्टात. ‘शास्ता’ मध्येही शास् हा धातू आहे. शासन, शास्त्र आणि शिष्य ही त्याचीच घरची मंडळी. त्यामुळे तुमच्या वर्गातल्या पहिल्या वादात मी मराठी पुस्तकाच्या बाजूने उभा राहीन. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे ४० वर्षांच्या रानातल्या उपासमारीला हेच नाव देतो: बाप मुलाला जसे वळण लावतो तसे परमेश्वराने तुला लावले. आणि शास्त्यांच्या तिसऱ्या अध्यायाचा आरंभ तर तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तरच आहे. ज्या पिढ्यांनी कनानातली युद्धे पाहिली नव्हती त्यांना ती शिकवावीत, म्हणून परमेश्वराने काही राष्ट्रे जागेवर ठेवली, असे तेथे म्हटले आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठीच धडा ठेवला आहे. हे उत्तर मुलीला आवडेलच असे नाही.

अथणीकडचा शेतकरी

मास्तरांनी शब्दांचा उलगडा चांगला केला, पण बआल म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय ती पिढी का घसरली हे कळणार नाही. आम्ही लहानपणी ऐकले ते असे की इस्राएली लोक मूर्तींना भुलले. जणू जत्रेत खेळण्यांचे दुकान दिसले आणि मूल हात सोडून धावले.

बआल हा पावसाचा आणि वादळाचा देव होता. इस्राएलाच्या आजोबांनी रान पाहिले होते, मेंढरे हाकली होती, आणि त्याआधी मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, नाईलच्या पाण्यावर भाजीपाला पिकवला होता. अनुवादाच्या अकराव्या अध्यायात हा फरक अगदी शेतकऱ्याच्या भाषेत आला आहे: मिसरात तू पेरून पायाने पाणी देत होतास, पण ज्या देशात तू जात आहेस तो डोंगरदऱ्यांचा देश आकाशातून पडेल ते पाणी पितो. आता विचार करा. ज्या देवाने समुद्र दुभंगला आणि सीनायवर मेघगर्जना केली, तो आजोबांच्या गोष्टीतला. शेजारचा कनानी पिढ्यान्पिढ्या तेथे गहू पिकवतो आहे, केव्हा पेरायचे हे त्याला कळते आणि पावसासाठी कोणापुढे काय ठेवायचे हेही तो सांगतो. नातू मेंढपाळ राहिलेला नाही. त्याला ज्वारीची, म्हणजे त्याच्या बाबतीत जवाची, चिंता आहे. त्याने आजोबांच्या देवाला सोडले असे त्याला वाटतही नसेल. लढाईसाठी तो देव आणि पावसासाठी हा, अशी त्याने वाटणी केली असेल.

आमच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. खानापूरच्या घाटमाथ्यावर छत्री उलटी होईल असा पाऊस चालू असताना आमच्याकडे ढग नुसते तोंड दाखवून पूर्वेला निघून जातात. पाऊस लांबला की गावात गुर्जी निघते. तव्यावर शेणाची गुर्जी ठेवून ती डोक्यावर घेणाऱ्याच्या अंगावर घरोघरी पाणी ओतले जाते. आमचे घर ख्रिस्ती, पण आमच्या दारात गुर्जी आली तेव्हा माझ्या चुलत्यांनी घागर रिकामी केलेली मी पाहिली आहे. त्यांना त्यात देव बदलल्यासारखे मुळीच वाटले नव्हते. मला ते आजही पाप वाटत नाही, हे येथे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो; पण घसरण कशी होते हे मला तेथे दिसले. तिला बंडाचा आवाज नसतो.

आता शिक्षेकडे पाहा, म्हणजे ती किती नेमकी आहे हे लक्षात येईल. अहाब राजाच्या काळात बआलाची पूजा राजवाड्यात गेली, तेव्हा एलीया संदेष्ट्याने साथ किंवा आग न मागता सांगितले की माझ्या शब्दाशिवाय दहिवर आणि पाऊस पडणार नाही. ज्याच्यासाठी बआल धरला, तेच बंद. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एका नगरावर पाऊस पडला आणि दुसऱ्यावर पडला नाही, एका शेताला मिळाला आणि दुसरे करपले, असे वर्णन आहे, आणि दुष्काळ, तांबेरा, टोळ, मरी असे एकेक सांगून ‘तरी तुम्ही माझ्याकडे वळला नाहीत’ हे पालुपद पाच वेळा येते. आमच्या तालुक्यातल्या माणसाला तो अध्याय परका वाटत नाही. त्यातला सूर न्यायाधीशाचा नाही. वाट पाहून दमलेल्या माणसाचा आहे.

मूळचा खानापूरचा, सध्या धारवाडला इतिहासाचा विद्यार्थी

वरील दोन्ही उत्तरे ग्रंथाच्या आत राहून दिलेली आहेत. मी थोडा बाहेर उभा राहून लिहितो. कोणाच्या श्रद्धेला धक्का लावण्याचा हेतू नाही.

‘शास्ते’ हे पुस्तक त्या काळाची रोजनिशी नाही. जर्मन अभ्यासक मार्टिन नोट यांनी १९४३ मध्ये असे मांडले की अनुवादापासून राजांच्या दुसऱ्या पुस्तकापर्यंतचा इतिहास एकाच दृष्टीने रचला गेला आणि ती रचना यरुशलेम पडल्यानंतरची आहे. पुढच्या अभ्यासकांनी या मतात पुष्कळ दुरुस्त्या केल्या. काहींनी पहिली रचना यरुशलेम पडण्यापूर्वीच्या योशीया राजाच्या काळात नेली. पण एक गोष्ट बहुतेकांना मान्य आहे: इस्राएलाच्या उत्तरेकडील राज्याचा इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास अश्शूरकडून आणि दक्षिणेकडील यहूदा राज्याचा इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलकडून, म्हणजे बॅबिलोनकडून, नाश झाला, त्या जखमेतून मागे पाहत हे लिहिले गेले. शास्त्यांच्या काळात देशाला मिळालेली स्वस्थता ४०, ८०, ४०, ४० वर्षे अशी मोजली आहे. ४० म्हणजे एक पिढी. हा कालक्रम कमी आणि पिढ्यांचा ताल जास्त आहे.

मग खरेच घसरण झाली होती का? कुंतिल्लेत अज्रूद या सीनायच्या वाळवंटातील ठिकाणी १९७५-७६ मध्ये जे उत्खनन झाले, त्यात इ. स. पूर्व आठव्या शतकाच्या आसपासच्या रांजणांवर शोमरोनच्या, म्हणजे उत्तरेकडील राजधानीच्या, यहोवाचे आणि त्याच्या अशेराचे नाव घेऊन आशीर्वाद लिहिलेले सापडले. अशेरा म्हणजे येथे देवी की पूजेचा खांब, यावर वाद आहे. यहूदाच्या घरांतून मातीच्या स्त्रीमूर्ती शेकड्यांनी मिळाल्या आहेत. हे पाहिले की वाटते, आजोबा शुद्ध आणि नातू भ्रष्ट असे काही नव्हते. आजोबाही असेच होते. एकाच देवाची पूजा हा आरंभबिंदू नसून मोठ्या झगड्यानंतर गाठलेले ठिकाण होते, आणि तेथे पोहोचलेल्यांनी मागे वळून आधीच्या साऱ्या वाटेला ‘घसरण’ म्हटले.

याचे एक सुंदर उदाहरण यहूदाच्या मनश्शे राजाचे आहे. त्याने यरुशलेमात ५५ वर्षे राज्य केले आणि अश्शूरच्या एसरहद्दोन राजाच्या लेखात मांडलिकांमध्ये त्याचे नाव येते, म्हणजे माणूस ऐतिहासिक आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात तो सर्वांत वाईट राजा आहे. त्याचा नातू योशीया याने एवढी मोठी सुधारणा केली, तरी मनश्शेमुळे पेटलेला कोप शमला नाही आणि यहूदा बुडाला, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. नंतर लिहिल्या गेलेल्या ‘इतिहास’ या नावाच्या दुसऱ्या पुस्तकात मात्र त्याच मनश्शेला बेड्या घालून बाबेलला नेले जाते, तो तेथे नम्र होऊन प्रार्थना करतो आणि परमेश्वर त्याला परत राज्यावर बसवतो. आजोबांच्या पापाची फेड नातवंडांनी केली, हा हिशेब दुसऱ्या लेखकाला सोसला नसावा. त्याने ज्याची शिक्षा त्यालाच दिली आणि तिला वळण लावण्याचे रूप दिले. तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीही कोणीतरी विचारला होता, तो असा.

निवृत्त मास्तर, निपाणी

धारवाडच्या चिरंजीवांचे विवेचन वाचून आनंद झाला, पण एका ठिकाणी अडवतो. घसरण ही जर बाबेलनंतरच्या संपादकांची कल्पना असेल, तर होशेय संदेष्ट्याचे काय करायचे? तो उत्तरेकडील राज्य पडण्यापूर्वी बोलत होता, म्हणजे तुमच्या त्या रांजणांचा जवळजवळ समकालीन. त्याच्या दुसऱ्या अध्यायात परमेश्वर म्हणतो की धान्य, द्राक्षारस आणि तेल तिला मीच देत होतो हे तिने ओळखले नाही, आणि ते तिने बआलासाठी वापरले. क्रियापद पुन्हा तेच, ‘यादा’. आणि अथणीच्या पाटलांनी सांगितलेला पावसाचा मुद्दाही तेथेच आहे. रांजणावरचा आशीर्वाद आणि होशेयाचे रडणे एकाच काळातले आहेत. एका घरात ज्याला परंपरा म्हणत होते, त्यालाच दुसऱ्या घरात विसर म्हणत होते.

अथणीकडचा शेतकरी

पाटील नव्हे मास्तर, साधा शेतकरी. बाकी सर्व मान्य.

कॅम्पातली वाचक, बेळगाव

सर्वांची ऋणी आहे. एली आणि शमुवेल यांचे अध्याय मी शेजारी ठेवून वाचले आणि ‘ओळख’ हा शब्द आता मला पूर्वीसारखा वाचता येत नाही. पण प्रश्नाचा एक काटा अजून रुतलेला आहे. मनश्शेचे उदाहरण वाचल्यावर तो अधिकच टोचू लागला. दहा आज्ञांमध्येच वडिलांच्या अन्यायाबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत मुलांचे शासन करणारा, असे परमेश्वराचे वर्णन आहे. दुसरीकडे मुलांचे दात आंबल्याची म्हण यापुढे कोणी म्हणणार नाही, असे संदेष्टे सांगतात. मुले दोन्ही वचने काढून समोर ठेवतील. मी त्यांना काय सांगावे?

चिकोडीत वकिली करणारी

ताई, दोन्ही वचने खरोखरच समोरासमोर ठेवा. ती ज्या ग्रंथांत आहेत त्यांनीच ती तशी ठेवली आहेत आणि त्यांच्यात तडजोड घडवण्याची घाई केलेली नाही.

आधी मानवी न्यायालयाचा भाग बाजूला काढते, कारण तेथे गोंधळ नाही. अनुवादाच्या २४व्या अध्यायात स्वच्छ नियम आहे: मुलांबद्दल बापाला आणि बापाबद्दल मुलांना जिवे मारू नये, प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या पापाबद्दलच देहदंड व्हावा. अमस्या राजाने आपल्या बापाच्या मारेकऱ्यांना मारले, पण त्यांच्या मुलांना सोडले, ते याच नियमावर बोट ठेवून. ज्या काळात राजे शत्रूचा निर्वंश करत होते, त्या काळात ही मोठी गोष्ट होती. म्हणजे पिढ्यांवर जाणारी शिक्षा देण्याचा अधिकार माणसाला कधीच नव्हता.

तिसऱ्या-चौथ्या पिढीचे म्हणाल, तर त्या आकड्याकडे घराच्या दृष्टीने पाहावे. प्राचीन इस्राएलातले घर म्हणजे पणजोबांपासून पणतवंडांपर्यंत एका अंगणात नांदणारे कुळ. तीन-चार पिढ्या म्हणजे एका वेळी जिवंत असणारी सगळी माणसे, असा अर्थ अनेक भाष्यकार लावतात. आमच्याकडे सीमेवरच्या गावांत एकत्र कुटुंबाचे वाटपाचे दावे चालतात, तेव्हा आजोबांनी केलेल्या एका खरेदीखताची फळे कोण कोण भोगते, हे मी रोज पाहते. कोणी दंड ठोठावलेला नसतो, तरी भोग चुकत नाही. त्याच आज्ञेत पुढे हजारो पिढ्यांपर्यंत दया करणारा, असेही आहे. चार आणि हजार यांतले अंतर मुलांना मोजायला लावा.

आता आंबट द्राक्षे. बापांनी ती खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण यिर्मया आणि यहेज्केल या दोघाही संदेष्ट्यांनी उद्धृत केली आहे. बाबेलला नेलेले लोक ती म्हणत होते, कारण त्यांना वाटत होते की आम्ही आजोबांचे कर्ज फेडत आहोत आणि आमच्या हातात काहीच नाही. यहेज्केल १८व्या अध्यायात ती म्हणणे बंद करा म्हणतो आणि एक खटलाच मांडतो: नीतिमान बाप, दुष्ट मुलगा, नीतिमान नातू, प्रत्येकाचा निकाल वेगळा. ते वाचताना मनश्शेचा नीतिमान बाप हिज्कीया, मनश्शे आणि योशीया आठवल्याशिवाय राहत नाहीत, जरी त्याने नावे घेतलेली नाहीत. त्याच काळातले ‘विलापगीत’ हे पुस्तक मात्र शेवटच्या अध्यायात एकदा म्हणते की आमचे पूर्वज पाप करून गेले आणि आम्ही त्यांच्या अपराधांचा भार वाहतो. आणि नऊ वचनांनंतर तेच तोंड म्हणते, आम्हाला हाय हाय, कारण आम्हीच पाप केले. दोन्ही वाक्ये एकाच प्रार्थनेत आहेत. वकील म्हणून मला हे विसंगत वाटायला हवे. पण घर बुडालेल्या माणसांची जबानी मी ऐकलेली आहे आणि ती अशीच असते.

जाता जाता तुमच्या आजीबद्दल. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात ही वचने मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता त्यांविषयी बोलत जा, असे सांगितले आहे. बिंबवण्यासाठी वापरलेल्या हिब्रू शब्दाचा संबंध धार लावण्याशी जोडला जातो. चुलीपुढे पहाटे मोठ्याने म्हणणे हे त्यात तंतोतंत बसते. त्या पुस्तकाला मराठीत ‘अनुवाद’ नाव पडले तेही याचसाठी. आज आपण त्याचा अर्थ भाषांतर असा करतो, पण मूळ अर्थ आधी सांगितलेले मागाहून पुन्हा सांगणे हा आहे. मिसरातून निघालेली पिढी रानात संपली होती आणि तिच्या मुलांना मोशे सगळे पहिल्यापासून सांगत होता.

मूळचा खानापूरचा, सध्या धारवाडला इतिहासाचा विद्यार्थी

मास्तरांची होशेयाविषयीची हरकत मान्य; मी ‘बाबेलनंतर’ यावर जास्त भार दिला.

वकीलबाईंच्या शेवटच्या मुद्द्याला धरून दोन गोष्टी जोडतो. पुन्हा सांगण्याची सोय त्या लोकांनी वस्तूंमध्येही करून ठेवली होती. यार्देनेच्या पात्रातून उचललेले १२ धोंडे गिलगालात मांडले, ते पुढे मुलांनी ‘हे धोंडे कसले?’ असे विचारावे म्हणून. मिसरातून सुटकेची आठवण म्हणून पाळल्या जाणाऱ्या वल्हांडणाच्या रात्रीही मुलाने विचारायचे आणि बापाने सांगायचे, अशी योजना आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने त्या रात्रीची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह पुण्यात १८७४ मध्ये छापली, ती याच प्रश्नोत्तरासाठी. हिब्रू न कळणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेत सांगता यावे म्हणून.

पण वस्तू दगाही देते. मोशेने रानात केलेला पितळी साप लोकांनी शतकानुशतके जपला, आणि हिज्कीयाच्या काळापर्यंत ते त्याला धूप जाळू लागले होते. हिज्कीयाने तो फोडला. येथे विसर पडला म्हणून घसरण झाली नाही. फार जपले म्हणून झाली. साप राहिला आणि तो कशासाठी केला होता ते गेले.

दुसरी गोष्ट तुमच्या वर्गाला नक्की दाखवा. शास्त्यांच्या १८व्या अध्यायात दान वंशाचे लोक चोरून आणलेली मूर्ती उभी करतात आणि तिचा पुजारी म्हणून योनाथान बिन गेर्षोम याला नेमतात. गेर्षोम कोणाचा मुलगा? हिब्रू पोथ्यांमध्ये तेथे ‘मनश्शे’ असे दिसते, पण त्यातले ‘न’ हे अक्षर ओळीच्या वर लटकलेले लिहिण्याची रीत आहे. ते अक्षर काढले की उरते ‘मोशे’. मूर्तीचा पुजारी खुद्द मोशेचा नातू होता, आणि लेखनिकांनी आजोबांची लाज राखण्यासाठी एक अक्षर वर टांगले. पुसले मात्र काहीच नाही.

कॅम्पातली वाचक, बेळगाव

मोशेचा नातू! मी हा अध्याय अनेकदा शिकवला आणि दर वेळी तेथून पुढे निघून गेले. येत्या रविवारी दंड आणि द्राक्षे नंतर घेईन. आधी मराठी आणि कन्नड दोन्ही पुस्तके उघडून त्या वचनात कोणाचे नाव छापले आहे, हे मुलांनाच शोधायला लावणार आहे, आणि त्या मुलीला फळ्यावर ते अक्षर वर टांगून लिहायला सांगणार आहे.